नाडीपट्टी पाहावयास जाण्यापूर्वी

आज धनत्रयोदशी. ही तिथी धंतोलीइतकी मनावर घेणारी वस्ती नागपुरात दुसरी नसेल. मोठ्या अंगणांचे जुने बंगले येथे आता बोटांवर मोजण्याइतके उरले आहेत. त्यांच्या जागी रुग्णालये, तपासणीगृहे आणि औषधांची दुकाने उभी राहिली. एखाद्या गल्लीत शिरावे तर घरधन्यांच्या पाट्यांहून डॉक्टरांच्या पाट्या अधिक. आज सकाळी त्यांतील कित्येक ठिकाणी धन्वंतरीच्या तसबिरीला हार चढला असेल आणि कडुनिंबाच्या कोवळ्या पानांचा साखर घालून केलेला प्रसाद आल्यागेल्याच्या हातावर पडला असेल. तिन्हीसांजेला याच गल्ल्यांत, ज्या घरांतून रीत अजून पाळली जाते तेथे, उंबऱ्याबाहेर कणकेचा एक दिवा ठेवला जाईल. त्याची वात दक्षिणेकडे. एरवी वर्षभर दिव्याचे तोंड दक्षिणेकडे होऊ नये म्हणून जपणारी आपली माणसे या एका सायंकाळी ते मुद्दाम तिकडे करतात. कारण ती दिशा यमधर्माची, आणि मागणे एवढेच की या घरात कोणाला अकाली मरण येऊ नये.

या यमदीपदानाची कथा मुळात एका भाकिताची आहे, याकडे आपले लक्ष सहसा जात नाही. विवाहानंतर चौथ्या दिवशी राजपुत्राला मृत्यू येणार, असे ज्योतिषी सांगतात. कथा अनेक परींनी सांगितली जाते; कोठे नववधूने लावलेल्या दिव्यांनी यमाचे डोळे दिपतात, तर कोठे प्राण हरण करणाऱ्या दूतांनाच गहिवरून येते आणि यमधर्म स्वतः या दिवसाच्या दीपदानाचा उपाय सांगतो. भाकीत राजपुत्राच्या मरणाचे. आणि उपाय कोणता, तर मूठभर कणीक आणि पळीभर तेल! आमच्या मते या कथेतील ही गोष्ट फार मोलाची आहे. पुढे तिचा उपयोग पडणार आहे.

आमच्या घरी यंदा हा दिवा आमचा पुतण्या लावणार आहे. तो न्यू जर्सीत असतो. त्याचे वडील, म्हणजे आमचे वडील बंधू, २०२१ च्या एप्रिलमध्ये करोनाच्या दुसऱ्या लाटेत रुग्णालयात गेले. त्या महिन्यात नागपुरावर काय प्रसंग होता ते येथील घरांना सांगावयास नको. पुतण्या निघाला असता तरी परत केव्हा जाऊ देतील याची शाश्वती नव्हती, आणि पोचेपर्यंत सारे संपून गेले असते. अग्नी आम्ही दिला. त्यानंतर तो एकदा चार दिवसांसाठी येऊन गेला. पण ते चार दिवस कागदपत्रांवर सह्या करण्यात गेले. गेल्या आषाढात त्याने लिहिले, “काका, दिवाळीला येतो आहे. भाऊबीज झाली की वैदीश्वरन् कोईलला जाऊन नाडीपट्टी पाहायची आहे. त्यासाठी काय तयारी लागते, ते तुम्ही विचारून ठेवाल का?”

आम्ही विचारून ठेवले. परदेशी राहणाऱ्या मुलांकडून असे पत्र येणारे आमचे घर काही एकटे नव्हे. ज्यांच्याकडे असा प्रश्न उद्या येईल, त्यांच्यासाठी ही हकीकत लिहीत आहोत.

नाडी हा शब्द मराठी घरांना तीन वाटांनी परिचित आहे. वैद्य मनगटावर बोटे ठेवून पाहतो ती एक. लग्न जुळवताना आद्य, मध्य, अंत्य अशी मांडतात आणि वधूवरांची एकच निघाली तर मान हलवतात ती दुसरी. कालगणनेतील घटिका, म्हणजे चोवीस मिनिटे, ही तिसरी. नाडीपट्टीतील नाडी या तिहींहून निराळी. तमिळमध्ये शोध घेत जाणे असा अर्थ देणारा याच उच्चाराचा शब्द आहे, आणि नाडीवाचक तोच अर्थ सांगतात : ज्याची पट्टी लिहिली गेली आहे तो वेळ आली की आपणहून तिला शोधीत येतो. ताडपत्रावर लोखंडी लेखणीने कोरलेल्या तमिळ पद्यांतून अमुक माणसाचे नाव, आईवडिलांची नावे आणि आयुष्याचा क्रम ऋषींनी आधीच लिहून ठेवला आहे, असा हा विश्वास.

वैदीश्वरन् कोईल हे त्याचे मुख्य स्थान. चिदंबरम्‌हून मायावरमकडे, म्हणजे आजच्या मयिलाडुतुरैकडे, जाणाऱ्या लोहमार्गावर त्याच नावाचे लहानसे स्थानक आहे. नाडीपट्टीच्या गडबडीत यात्रेकरू विसरतात की हे गाव आधी देवाचे आहे. तेथे शिव वैद्यनाथ या रूपाने बसला आहे. आपल्या परळीला जो वैजनाथ, तोच. देवीचे नाव तैयलनायकी. नवग्रहांपैकी मंगळाचे, म्हणजे अंगारकाचे, हे क्षेत्र. म्हणून मंगळवारी दर्शनाची रांग लांबते. सिद्धामृत तीर्थ नावाच्या कुंडात गूळ सोडतात, मीठ-मिरी वाहतात आणि रोगमुक्ती मागतात. जटायूचे उत्तरकार्य श्रीरामांनी येथेच केले अशी स्थानिक श्रद्धा असून त्या नावाचे कुंड देवळात दाखवितात. दक्षिणेतील अठरा सिद्धांत धन्वंतरीची गणना करतात व त्याची समाधीही येथेच सांगतात. तेव्हा आजच्या तिथीला या गावाची आठवण काढणे अगदीच अप्रस्तुत नाही.

पट्ट्या ज्यांच्या नावावर सांगितल्या जातात त्या ऋषींत पहिला मान अगस्त्यांचा. तमिळ परंपरा त्यांना आपल्या व्याकरणाचे जनक मानते. पण अगस्त्य आपलेही कोणी लागतात! महाभारताच्या वनपर्वात कथा आहे की अगस्त्यांना आपले पितर एका गर्तेत उलटे लोंबकळताना दिसले. कारण विचारता ते म्हणाले, तुला संतती नाही, वंश तुटतो आहे, म्हणून आमची ही दशा. मग अगस्त्यांनी विदर्भराजाच्या घरी वाढलेल्या लोपामुद्रेचे पाणिग्रहण केले. म्हणजे ते आम्हां वैदर्भीयांचे जावई झाले. रामटेकच्या गडावर अगस्त्यांचा आश्रम दाखवितात, तेथे आपल्यापैकी बहुतेक जण जाऊन आलेले असतील. पितरांची विचारपूस करावयास जो ऋषी स्वतः गर्तेच्या काठावर उभा राहिला, त्याच्याच नावाच्या पट्टीकडे आपले मूल वडिलांबद्दल काही विचारावयास निघाले आहे, हा योग आमच्या मनात घोळत राहिला.

दुसरा धागा तंजावरचा. शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी यांनी सतराव्या शतकात तेथे राज्य मांडले आणि ते १८५५ पर्यंत भोसल्यांकडे होते. दुसऱ्या सरफोजी राजांनी (कारकीर्द १७९८ ते १८३२) सरस्वती महाल ग्रंथालय वाढविले. तेथे आजही संस्कृत व तमिळ पोथ्यांशेजारी मराठी हस्तलिखिते आणि मोडी कागद आहेत. बृहदीश्वराच्या भिंतीवर भोसले वंशाचा इतिहास सांगणारा १८०३ चा मराठी शिलालेखही आहे. नाडीवाचकांची घराणी सांगतात की जुन्या पट्ट्यांच्या नकला तंजावरच्या राजांनी करविल्या, पुढे इंग्रजी अमलात काही पट्ट्या विकल्या गेल्या आणि त्या आमच्या पूर्वजांनी घेतल्या. ही त्या घराण्यांची सांगी होय. तिला कागदाचा आधार आम्ही पाहिलेला नाही. मात्र एवढे खरे की त्या दमट हवेत ताडपत्र हजारो वर्षे टिकत नाही. काही पिढ्यांनी नक्कल करावीच लागते. तेव्हा समोर येणारी पट्टी प्रत्यक्ष ऋषींच्या हातची नसून नकलेची नक्कल असते, हे नाडीवाचकही मान्य करतात.

आता वाचन कसे चालते ते सांगतो. पुरुषाच्या उजव्या आणि स्त्रीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात. ठशाच्या रेषांचे एकशे आठ प्रकार मानलेले आहेत. त्यांवरून पट्ट्यांचा जुडगा काढतात. कधी तो तासाभरात सापडतो, कधी दोन दिवस लागतात, कधी सापडतच नाही. मग वाचक एकेक पट्टी उलगडून विचारतो : वडील हयात आहेत काय? आपण थोरले काय? आईचे नाव देवीचे आहे काय? उत्तर होय किंवा नाही एवढेच द्यावयाचे. एक उत्तर चुकले की ती पट्टी बाजूला ठेवून पुढची. सगळी उत्तरे होकारार्थी येतील ती आपली पट्टी. ती गाऊन दाखवितात, दुभाषा अर्थ सांगतो आणि वहीत उतरवून देतात. पूर्वी ध्वनिफीत देत, आता भ्रमणध्वनीवरच ध्वनिमुद्रण होते. पहिल्या कांडात एकंदर आयुष्य; पुढे कुंडलीच्या बारा स्थानांप्रमाणे धन, भावंडे, माता, संतती, रोग, विवाह अशी कांडे; आणि त्यांपलीकडे पूर्वजन्मीच्या दोषांचे शांतिकांड, मंत्राचे दीक्षाकांड, औषधाचे औषधकांड. प्रत्येक कांडाची दक्षिणा वेगळी.

या विषयावर मराठीत पुष्कळ लिहिले गेले आहे. निवृत्त विंग कमांडर शशिकांत ओक यांनी स्वतः पट्ट्या पाहून, विश्वास बसल्यावर, पुस्तके लिहिली. उलट बाजूस, फलज्योतिषाची एक परीक्षा डॉ. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ मध्ये घेतली. शंभर हुशार आणि शंभर मतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून त्यांतील प्रत्येकी चाळीस ज्योतिषांकडे दिल्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातील ते ओळखावयास सांगितले. सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठविली. ती सरासरी शेकडा शेहेचाळीस बरोबर आली, म्हणजे नाणे उडवून मिळावीत तितकीच. ही परीक्षा पत्रिकांची होती, नाडीपट्टीची नव्हे, हे ध्यानात ठेवले पाहिजे. तरी आमच्या अल्पमतीला एक गोष्ट स्पष्ट दिसते. प्रत्येक होय आणि प्रत्येक नाही यासरशी आपण वाचकाच्या हाती काही तरी देत असतो. तासभर अशी प्रश्नोत्तरे झाली की आपण कोण, हे समोरच्या चतुर माणसाला कळणे अवघड नाही. ऋषींनी लिहिले असेल तर ते न देताही कळेल. मग आपण कशास द्यावे?

एवढे टिपण करून आम्ही रामकृष्ण मठात गेलो. धंतोलीतील हा मठ १९२८ पासूनचा. कोणतीही गोष्ट मनात खुपू लागली की तेथील ग्रंथालयात जाऊन बसण्याची आमची जुनी सवय आहे. तेथे एक प्रसंग नव्याने वाचनात आला. शरच्चंद्र चक्रवर्ती या शिष्याने स्वामी विवेकानंदांशी झालेले संवाद लिहून ठेवले आहेत. त्यांत हा प्रसंग स्वामीजींनीच सांगितलेला आहे. १८९३ साली अमेरिकेस जाण्यापूर्वी ते मद्रासेत मन्मथबाबूंच्या घरी राहिले होते. एके रात्री स्वप्नात आई निवर्तल्याचे दिसले. मन कासावीस झाले. समुद्र ओलांडण्याचे ठरत होते आणि आईची खबर नव्हती. तेव्हा मन्मथबाबूंनी सुचविल्यावरून, मित्रांसह काही वाट आगगाडीने आणि काही पायी तुडवून, ते अशाच एका भविष्य सांगणाऱ्या माणसाकडे गेले. त्याने प्रथम लक्षच दिले नाही. मग पेन्सिलीने काही आकृत्या काढल्या आणि स्वामीजींचे नाव, कूळ, गुरू सतत पाठीशी असल्याचे, आई सुखरूप असल्याचे आणि लवकरच दूर देशी धर्मप्रचारास जावे लागणार असल्याचे सांगितले. पुढे ते सारे तसेच घडले. योगायोग म्हणा की आणखी काही म्हणा, असे स्वामीजी शिष्याला म्हणाले. आणि पारखल्यावाचून कशावरही विश्वास ठेवणारा मी नव्हे, हेही त्यांनी ऐकविले.

हा प्रसंग भाविक माणूस भविष्याच्या बाजूने सांगतो. आमची नजर मात्र त्यातील एका लहान गोष्टीवर खिळली. त्या माणसाकडे जाण्याआधीच कलकत्त्याला तार केलेली होती. साध्या मार्गाने जे विचारता येते ते आधी विचारलेले होते. उत्तर येईपर्यंतचा वेळ जाईना, म्हणून ही वाट धरली होती. आणि आई कुशल असल्याचे तारेनेही आलेच.

आम्ही घरी येऊन पुतण्याला लिहिले : तयारी सांगतो, पण आधी तार कर. त्याला अर्थ कळला नाही. मग सविस्तर लिहिले. पट्टीवाला तुला वडिलांचे नाव, आईचे नाव विचारील. त्यांपलीकडे आजोबांचे नाव तुला येते. पणजोबांचे येते काय? खापरपणजोबांचे? गोत्र, प्रवर, कुलदेवतेचे स्थान, मूळ गाव? हे परक्या माणसाने ताडपत्रातून सांगितले तर तू चकित होशील, कारण तुला ते ठाऊकच नाही. जे आपल्याला ठाऊक नाही ते खरे की खोटे, हे आपण कशावरून ठरविणार?

म्हणून मुंबईला उतरल्यावर त्याला थेट नागपूर न गाठता नाशिक रोडला उतरण्यास सांगितले, आणि आमच्या क्षेत्रोपाध्यायांना आधीच पत्र घातले. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वह्या हा आपल्या समाजाचा केवढा मोठा ठेवा आहे, हे परदेशी गेलेल्या पिढीला ठाऊकच नसते. गाव आणि आडनाव सांगितले की ते वही काढतात. त्या कुळातील कोण केव्हा आले, कोणाचे कार्य केले, बरोबर कोण होते, हे त्या त्या माणसाच्या हस्ताक्षरात असते. गोदाकाठच्या त्या ओसरीवर पुतण्याने आमच्या पणजोबांची मोडीतील ओळ पाहिली. ती त्याला वाचता आली नाही. उपाध्यायांनी वाचून दाखविली. आजोबांची बाळबोध सही पाहिली. आणि १९८८ सालच्या पानावर, आमच्या मातोश्रींच्या अस्थी घेऊन गेले होते तेव्हाचे, त्याच्या वडिलांचे निळ्या शाईतील अक्षर पाहिले. त्याखाली कुटुंबातील माणसांची नावे होती. त्यांत ‘चिरंजीव’ असे लिहून पुढे याचे नाव, वय वर्षे पाच. उपाध्यायांनी वही त्याच्यापुढे सरकविली आणि म्हणाले, “आता पुढची ओळ तुम्ही लिहायची.” त्याला मराठी लिहिण्याचा सराव राहिलेला नाही. अर्धा तास लागला, असे तो सांगत होता.

नागपूरला आल्यावर दुसरे काम वहिनींचे होते. हे आम्ही मुद्दामच सांगितले होते : जे तुला पट्टीला विचारायचे आहे ते आधी आईला विचार. त्याने एका रात्री जेवणे झाल्यावर विचारले, आणि तेव्हा कोठे आम्हांला कळले की हा एवढ्या दूर कशासाठी निघाला आहे. दादा गेले त्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी रुग्णालयातून याला दूरध्वनी केला होता. तिकडे सकाळ होती, हा कामात होता; उचलला नाही. नंतर करू म्हणाला. नंतर केला तेव्हा तिकडून कोणी उचलला नाही. साडेतीनशे घरांच्या त्या वसाहतीत, ऑफिसात, गाडी चालविताना, या माणसाच्या मनात इतकी वर्षे एकच प्रश्न होता : बाबांना काय सांगायचे होते?

वहिनी बराच वेळ बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “अरे, त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्यांनाच फोन केले होते. मला म्हणाले, टाकीची मोटार बंद करायला विसरू नकोस.” आम्हांलाही आठवले. आम्हांला दादा म्हणाले होते की डब्यातल्या उपम्यात मीठ नाही, उद्या लोणचे पाठव. धाप लागत होती, पण आवाज खणखणीत होता. दुसऱ्या दिवसाचे बोलत होते. हे आम्ही पुतण्याला कधी सांगितलेच नव्हते. त्याने विचारले नाही, आणि उपम्याच्या मिठाची गोष्ट त्या दुःखात काय सांगायची, म्हणून आम्हीही तोंड उघडले नाही. चूक आमचीही आहे.

यावर, आता जाण्याचे कारण उरले नाही, असे आम्ही म्हणालो नाही. त्याचे मन त्याला ठाऊक. तो म्हणाला, “काका, तरी जाऊन येतो. देवदर्शन तरी होईल.” तेव्हा व्यवहाराच्या चार गोष्टी सांगितल्या, त्या येथेही नमूद करतो.

आपल्याकडे पुरुषाचे मधले नाव वडिलांचेच असते, हे आपण विसरतो. निवासस्थानाच्या नोंदवहीत पूर्ण नाव लिहिले की पट्टीतील अर्धे आश्चर्य तेथेच सांडले. पुतण्याच्या पारपत्राच्या शेवटच्या पानावर तर आई, वडील आणि पत्नी अशी तिन्ही नावे छापलेली आहेत, आणि निवासस्थानात त्याची प्रत ठेवून घेतात. तेव्हा मुक्काम चिदंबरम्‌ला करावा. नाडीवाचकाकडे दुसऱ्याच्या ओळखीने, पूर्ण नाव आधी कळवून जाऊ नये. स्थानकावर किंवा देवळाच्या दारात मध्यस्थ भेटतात, त्यांच्याशी घरगुती गप्पा मारू नयेत. होय आणि नाही यांपलीकडे एक शब्द बोलू नये. आम्हां मराठी माणसांना हे फार जड जाते. वडील हयात आहेत काय म्हटले की आपण ते कोणत्या खात्यात होते इथपर्यंत सांगून मोकळे होतो. नाव निघाले म्हणतील तेव्हा पट्टीवरील अक्षरे बोटाने दाखवावयास सांगावी आणि त्यांचे छायाचित्र घ्यावे. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही उच्चारांना एकच अक्षर आहे. त, थ, द, ध यांचेही तसेच. त्यामुळे एकच ओळ निरनिराळ्या नावांनी वाचता येते, हे मनात असू द्यावे. नंतर तमिळ जाणणाऱ्या त्रयस्थाकडून ते वाचून घ्यावे.

परदेशातून आलेल्यांची खरी अडचण परतीच्या तिकिटाची. दोनच दिवस आहेत हे वाचकाला कळले की पट्टी दोन दिवसांत सापडते! तेव्हा परतीचा दिवस सांगू नये. आणि पट्टी मिळाली नाही तर मनाला लावून घेऊ नये. वैद्यनाथाचे दर्शन घेऊन परत यावे.

आठवे, म्हणजे आयुर्मर्यादेचे, कांड वाचवून घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. त्या ज्ञानाचा उपयोग कोणालाच नाही. औषधकांडावरून चालू औषध थांबवू नये. दोन्ही बाजूंस डॉक्टर असलेल्या गल्लीत राहून हे लिहावे लागते, पण तसे घडलेले आम्ही पाहिले आहे. शांतिकांडाविषयी मात्र थोडे अधिक बोलावयास हवे, कारण पैसा तेथेच जातो आणि तेथेच दुखावलेले माणूस सर्वांत हळवे असते. वडिलांचे क्रियाकर्म आपल्या हातून झाले नाही, ही रुखरुख ज्याच्या मनात आहे त्याला पितृदोष म्हटले की तो मागतील ती रक्कम काढून देतो. परक्याच्या हाती पैसे देऊन परक्याने करावयाच्या शांतीला पुतण्याने नकार द्यावा, असे आम्ही त्याच्याकडून कबूल करून घेतले आहे. स्वतःच्या हाताने करता येईल ते जरूर करावे. देवळात दिवा लावा म्हणाले तर लावावा, अन्नदान करा म्हणाले तर पंक्तीत स्वतः वाढावे, राहिलेले श्राद्ध करा म्हणाले तर रामटेकला अंबाळ्याच्या काठी येऊन करावे. त्यासाठी त्याची रजा आम्ही दोन दिवसांनी वाढवून घेतलीच आहे. आजच्या कथेतील यमधर्माने कणकेहून महाग काही मागितले नाही, एवढे त्याने तेथे बसल्यावर आठवावे.

एक युक्ती मात्र त्याचीच. वाचकाला विचारावयाचा प्रश्न त्याने कागदावर लिहिला, आणि आपल्या मते त्याचे उत्तर काय असावे तेही खाली लिहिले. पाकिटात घालून चिकटविले आणि देवघरात, दादांच्या तसबिरीमागे, ठेवले. परत आल्यावर पट्टीवरून उतरविलेली वही आणि पाकीट शेजारी ठेवून आईसमोर उघडणार आहे. त्यात काय लिहिले ते आम्ही विचारले नाही. वहिनी म्हणाल्या, “उपमाच लिहिला असेल.” त्यावर तो किती तरी दिवसांनी मोकळेपणी हसला.

आता पाच वाजत आले. वहिनींनी दिव्यासाठी कणीक भिजवून ठेवली आहे. दक्षिण नेमकी कोठे येते हे पुतण्या भ्रमणध्वनीवर पाहत होता. वहिनींनी त्याला समोरच्या रुग्णालयाचे फाटक दाखविले आणि म्हणाल्या, त्याच्या उजवीकडे, तुझे बाबा तिकडेच लावत असत. चेन्नईची गाडी भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी आहे.